सेवा, नकार आणि शून्य

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या दोषावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आम्ही ज्या दोषाविषयी लिहीत आहोत त्याच्या नावातच भाषेचा एक प्रश्न दडला आहे. इंग्रजीत त्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. मराठीत ‘सेवा-नकार’ म्हणता येईल. नकाराला कर्ता लागतो. येथे मात्र ‘नाही’ असे कोणी म्हणतच नाही. सेवा देणाराच कोसळतो आणि दारात उभे असलेले सगळे रिकाम्या हाताने परततात.

महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात तीस-चाळीस यंत्रे असतात. प्रत्येक यंत्रात स्वतंत्रपणे विंडोज किंवा लिनक्स बसवायचे म्हटले तर दिवसच्या दिवस जातात. म्हणून सारी सामग्री एका सर्व्हरवर ठेवून तेथून ती नेटवर्कद्वारे सर्व यंत्रांत उतरवतात. कोरे यंत्र सुरू होताच हाक घालते : माझा पत्ता कोणता, आणि मला जागे करणारी फाईल कोठे मिळेल? मग ‘टीएफटीपी’ नावाच्या अगदी साध्या प्रोटोकॉलने ती फाईल तुकड्यातुकड्यांनी येऊ लागते. हा प्रोटोकॉल नाव विचारीत नाही, पासवर्ड मागत नाही. ज्याच्या पोटात अजून काहीच नाही, त्याने ओळख तरी कशाने पटवावी? आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गासारखेच हे दार आहे; ते उघडेच ठेवावे लागते.

तुकडा केवढा हवा, हे मागणारा सांगू शकतो. १९९८ च्या ‘आरएफसी २३४८’ या मानकात त्याची मर्यादा ८ ते ६५,४६४ बाइट अशी नोंदलेली आहे. आयबीएमच्या ‘टिव्होली प्रोव्हिजनिंग मॅनेजर फॉर ओएस डिप्लॉयमेंट’ या सॉफ्टवेअरच्या ५.१ आवृत्तीत २००७ साली जो दोष उघड झाला, तो नेमका येथला. अवैध आकाराची मागणी आली तरी हे सॉफ्टवेअर ती पारखून घेत नसे. भागाकार करायला जावे तर भाजक शून्य निघे, आणि ‘रेम्बो’ हा मुख्य प्रोग्रॅमच बंद पडे. त्याच्यावर विसंबलेल्या अनेक सेवा त्याच्याबरोबर थांबत. तिसऱ्या फिक्स पॅकने पुढे दुरुस्ती केली. यात चोरी नव्हती की घुसखोरी नव्हती. एक निरर्थक मागणी पुरेशी होती.

विशेष असे की, अयोग्य मागणी बाजूला ठेवण्याची किंवा त्रुटीसंदेश पाठवून ती नाकारण्याची सोय मानकात होती. त्या एकाला ‘नाही’ म्हटले असते तर उरलेल्या साऱ्यांना ‘हो’ म्हणता आले असते.

शून्याने भागण्याचा प्रश्न आमच्या परिसराला परका नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणितात’ शून्य हर असलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले. प्रलयकाळी असंख्य जीव अच्युतात लीन झाले किंवा सृष्टिकाळी त्याच्यातून बाहेर पडले, तरी त्याच्यात जसा विकार होत नाही, तसे या राशीत कितीही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असा दृष्टांत त्यांनी दिला. आजचे गणित हा भागाकार अव्याख्यात मानते, हे खरे. पण असा प्रसंग येणार, हे आचार्यांनी आधीच ओळखले होते आणि त्यासाठी शब्द योजला होता. २००७ च्या त्या प्रोग्रॅमपाशी असा शब्द नव्हता.

आमच्याकडे कन्नड, सिल्लोड, पैठण या तालुक्यांतून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना परीक्षेचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी महाविद्यालयाचाच संगणक असतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी कक्ष बंद असणे म्हणजे त्यांचे एक वर्ष टांगणीला लागणे. दोष कोणाचा, याचा निवाडा पुढे होत राहतो. तारीख मात्र निघून जाते. म्हणून ‘कोणाची माहिती तर गेली नाही ना’ एवढे विचारून अशा दोषाला किरकोळ ठरवणे आम्हांला पटत नाही.

कन्नडचा घाट उतरले की चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला. त्याला सोइदेव निकुंभाने दिलेल्या दानाचा, शके ११२८ च्या सुमाराचा शिलालेख आम्ही एम. ए.ला भाषेच्या इतिहासात अभ्यासला, तो त्याच्या शेवटच्या मराठी ओळींसाठी. वंशाची थोरवी संस्कृतात सांगून झाल्यावर लेख मराठीत येतो आणि मालावरील कोणता वाटा मठाला द्यायचा, ते व्यवहाराच्या भाषेत नोंदवतो. विभक्तिप्रत्यय शोधताना या नोंदी आम्हांला रुक्ष वाटत. आता वाटते की विद्येचे दार उघडे ठेवायचे तर कोणी किती द्यावे आणि किती मागावे, हे असे कोठेतरी स्पष्ट लिहून ठेवावे लागते, आणि ते पाळले जाते की नाही हे रोज दाराशी पाहावे लागते.