कबुलीनंतरचा खटला

सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ १९९८ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याबरोबर वाढलेल्या आमच्याकडच्या पोरांनी कायदा पाहिला तो आधी टीव्हीवरच. दया दार तोडतो, एसीपी प्रद्युम्न दरडावतात, आरोपी मान खाली घालून सगळं सांगून टाकतो आणि फाशीची भाषाही तिथंच, पोलिसांच्या तोंडी येते. २०१० पासून ‘अदालत’मधले वकील के. डी. पाठक खऱ्या गुन्हेगाराला भर कोर्टात बोलतं करू लागले. शेवट तोच, कबुलीचा.

म्हणून एखादा आरोपी निर्दोष सुटला की पारावर पहिला प्रश्न येतो, “पोलिसांपुढं कबूल झाला होता ना, मग सुटला कसा?” उत्तरही तयार असतं: पैसे चारले असतील.

मला या प्रश्नाची भीती वाटते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, ते कायम आहे. मार खाऊन माणूस काहीही कबूल करतो, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वी उमगलं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच चोर ठरवलेल्या जमातींना ते अधिक ठाऊक. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की संशयाची पहिली नजर अजून पारध्यांच्या पालावरच जाते. त्या पालावरच्या पोरासाठी हे कलम शेवटची भिंत आहे. मालिका ती दर रात्री पाडते आणि आपल्याला बरं वाटतं.

खरा खटला उभा राहतो साक्षीदारावर. आरोपीनं सांगितलेल्या जागेतून कोयता निघाला, तर तेवढं सांगणं पुराव्यात येतं. पण पंचनाम्यावर सही केलेला पंच पुढं कोर्टात टिकावा लागतो. तो असतो सेनगाव नाहीतर कळमनुरीकडचा कुणी शेतकरी. समन्स येतं नेमकं सोयाबीनच्या काढणीत. एसटीनं हिंगोलीला यायचं, पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात बसायचं. आरोपीचे भाऊबंद समोरच्याच बाकावर. दुपारी कळतं, तारीख पडली. मग कधीतरी उलटतपासणीत पंचनाम्याची नेमकी वेळ विचारतात, तोवर मधे वर्षं गेलेली असतात. काही जण फितूर होतात. भीतीनं होतात, गावाच्या दडपणानं होतात, नुसते थकूनही होतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. पारावर तिचं नाव मी कधी ऐकलं नाही.

मालिका लिहिणाऱ्यांनी एक तरी भाग या पंचावर लिहावा. आणि तुमच्या शेजाऱ्याला साक्षीचं समन्स आलं, तर त्याला एकट्याला कोर्टात पाठवू नका, सोबत जा. काढणी चालू असेल, तर त्या दिवशी त्याच्या रानात चार माणसं लावा.