पाळत कोणावर ठेवायची?

संगणकीय पाळत आणि माहितीची गोपनीयता यांविषयीची मराठीतील चर्चा बहुधा शहरी माणसाचा मोबाइल, त्याचे बँक खाते आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या जाहिराती यांच्याभोवती फिरत राहते. बीड जिल्ह्यात मात्र हा प्रश्न थेट स्त्रीच्या गर्भाशयापाशी येऊन उभा राहिला, आणि तोही अशा रीतीने की पाळतीची बाजू घेणाऱ्यांना सहज खोडून काढता येऊ नये. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. याच जिल्ह्यातील परळीत २०१० साली ‘लेक लाडकी अभियाना’ने छुप्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने गर्भलिंगनिदानाचा धंदा उघडा पाडला, तरी तो थांबला नाही, २०१२ मध्ये तेथेच गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे यंत्रणा हलली, आणि त्या मृत्यूप्रकरणी संबंधित डॉक्टर दांपत्याला शिक्षा व्हायला २०१९ उजाडले.

गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गरोदर स्त्रीचा ‘एफ’ नमुन्यातील अर्ज भरावा लागतो, ज्यात तिचे नाव, पत्ता, आधीची अपत्ये आणि त्यांत मुलगे किती व मुली किती हेही लिहिलेले असते. या कागदी नोंदीवर भागत नाही असे दिसल्यावर कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. यंत्रावर झालेल्या प्रत्येक तपासणीचे चित्रण हे उपकरण आपोआप साठवून ठेवते, त्यामुळे अर्जात न दाखवलेली तपासणीही मागाहून उघडकीस येऊ शकते. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि रुग्ण स्त्रीच्या खासगीपणाचा भंग होतो असा मुद्दा मांडला. २६ ऑगस्ट २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. स्त्रीच्या खासगीपणाची बाजू मांडायला तपासणी करणारेच पुढे आले आणि स्वतः ती स्त्री या वादात कुठेच नव्हती, हे त्या खटल्याचे लक्षण म्हणावे लागेल.

या निकालातील एक तपशील मात्र आज अधिक मोलाचा वाटतो. हे चित्रण कोणत्याही सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या सामायिक संगणकावर पाठवले जात नाही, ते त्या यंत्रापाशीच राहते, आणि अधिकाऱ्याला ते पाहायचे असल्यास संबंधित डॉक्टरच्या समक्षच उपकरण काढले जाते, याची दखल न्यायालयाने घेतली होती. माहिती जिथे तयार झाली तिथेच राहावी, ती विनाकारण कोणी उघडू नये आणि उघडलीच तर साक्षीदारासमोर उघडावी, ही संगणक सुरक्षेतील उत्तम शिस्त होय. शिवाय या पाळतीचा रोख यंत्रावर आणि ते चालवणाऱ्यावर होता, तपासणीच्या खाटेवर झोपलेल्या बाईवर नव्हे. ‘एफ’ अर्ज ऑनलाइन भरले की त्यांतून तयार होणारी यादी मात्र नेमकी उलट वागते. तिच्यात शोध घेणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ती दोन मुलींची आई, आणि कोणताही गुन्हा न करता संशय तिच्या नावापुढे येऊन बसतो.

बीडमध्ये पुढे जे घडले त्यात पाळतीचा रोख असाच बदलत गेला. उसाच्या फडात जाणाऱ्या महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले, तेव्हा जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा आदेश निघाला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे नोंदले गेले. ही मोजणी झाली नसती तर अन्याय दिसलाच नसता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कमही जोडप्याच्या नावे दिली जाते आणि बाईच्या मजुरीची वेगळी ओळ कुठेच नसते. मजुरीच्या हिशेबात जिला नाव नाही, तिच्या शस्त्रक्रियेची नोंद मात्र नावानिशी होते, आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला म्हणून पैसे कापणाऱ्याची नोंद कोणत्याही सरकारी संगणकात सापडत नाही.

अशी माहिती साठली की ती सांभाळण्याचा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, म्हणजे संगणकातील माहिती कुलूपबंद करून ती ओलीस धरणाऱ्या घातक प्रणालीने रुग्णालयाचे कामकाज कित्येक दिवस कागदावर आणले, तर जून २०२३ मध्ये कोविड लसीकरणाच्या ‘कोविन’ नोंदींतील नागरिकांची माहिती टेलिग्रामवर मिळू लागल्याचे उघड झाले. देशपातळीवरची ही अवस्था असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी माणसाने भरलेल्या तक्त्याचे संरक्षण ते काय असणार? बीडमध्ये तर परदेशी हल्लेखोराचीही गरज नाही. मुकादम बहुतेकदा त्याच गावचा किंवा नात्यातला असतो, आणि कोणत्या बाईची पिशवी काढली आहे, कोणती गरोदर आहे हे त्याच्या कानावर गेले की पुढच्या हंगामाची टोळी ठरवताना त्याचा उपयोग होऊ शकतो. सुरक्षेचे तज्ज्ञ ज्याला धोक्याचा अंदाज म्हणतात तो येथे शेजारच्या घरापासून बांधायला हवा.

कायद्याने या बाबतीत या महिलांच्या पदरात फारसे टाकलेले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याच्या नोंदी आणि बोटांचे ठसे संवेदनशील माहिती म्हणून वेगळे काढले होते. नव्या कायद्याने ते वर्गीकरणच ठेवलेले नाही, आणि शासकीय लाभ देण्यासाठी माहिती वापरताना संमतीची अट बरीच सैल केली आहे. लाभाशिवाय ज्यांचे भागत नाही त्यांच्याच संमतीला किंमत नसावी, ही या कायद्याची मोठी उणीव आहे.

ऊसतोड महिलांची हंगामापूर्वी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी व्हायलाच हवी. तिला विरोध करणे म्हणजे १३,८६१ हा आकडा विसरणे. तथापि, त्या तपासणीची पुस्तिका महिलेच्याच हाती राहावी, शासनाकडे नावे वगळून केवळ संख्या जाव्यात, एखादी नोंद कोणी आणि केव्हा उघडली हे तिला विचारता यावे, आणि खाडा कापणारे मुकादम व शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये यांची नोंद मात्र नावानिशी व सर्वांना पाहता येईल अशी असावी. बीडच्या जिल्हा प्रशासनाने पुढच्या हंगामाच्या टोळ्या गाव सोडण्याआधी एवढे तरी लेखी जाहीर करावे.