बसायला काय आहे?

दुकानातल्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत तुमची टक्केवारी कुणी बघत नाही. माझ्या बी.कॉम.च्या मार्कशीटची झेरॉक्स टेबलावर उपडीच पडून राहिली. पुण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांचं मोठं शोरूम, 'सेल्स असोसिएट'च्या जागा, आणि आम्ही अकराजणी मागच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवर बसून नंबराची वाट बघतोय.

प्रश्न भराभर आले. हिंदी येतं का? दिवाळीत आणि शनिवार-रविवारी सुट्टी नाही, चालेल? लग्न ठरलंय का? (हा प्रश्न बाहेर बसलेल्या दोन मुलांना विचारला नव्हता, मी नंतर खात्री करून घेतली.) रात्री दहाला शटर पडल्यावर घरी कशी जाणार? रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, असं महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने कायदा सांगतो. इथे ती संमती फॉर्मवर आधीच छापलेली होती, फक्त सही करायची.

मग मॅनेजरनी हँगरवरची एक कुर्ती माझ्या हातात दिली. "मला विक."

मी कापडाचं कौतुक सुरू केलं नाही. विचारलं, "कुणासाठी बघताय?" त्यांनी पहिल्यांदाच मोबाईलमधून मान वर काढली.

हे मामाचं शिक्षण. मामा बार्शीत साड्यांच्या दुकानात बावीस वर्षं आहे. तिथे पांढरी गादी, त्यावर गिऱ्हाईक बसलेलं आणि समोर मामाही मांडी घालून बसलेला. "आधी टेकू द्यायचं, पाणी विचारायचं, कुणासाठी ते विचारायचं. साडी नंतर," असं तो म्हणतो. त्याचे गुडघे दुखतात, पगारही बेताचाच, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण माल विकणाऱ्या माणसानं बसलेलं त्या दुकानात कुणालाच खटकत नाही.

शोरूममध्ये मी नजर फिरवली. लखलखीत फरशी, आरसे, रॅक, कॅश काउंटर. स्टूल एकही नाही.

"नऊ तास उभी राहू शकशील?"

"हो."

दुसरं काय म्हणणार? कॉट बेसिसचे साडेचार हजार, मेसचे तीन हजार, आणि मागच्या दोन महिन्यांचं भाडं मैत्रिणीनं भरलेलं. पगार १६,००० सांगितला. त्यातून पीएफ आणि ईएसआय कापून हातात चौदाच्या आसपास.

पण आदल्या रात्री फोनवर केरळबद्दल वाचलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. कोळिकोडच्या दुकानांमधल्या बायकांनी आधी भांडण काढलं ते संडासाचं. दुकानात सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, अशी त्यांची गत होती. मग मागणी आली बसण्याची. गिऱ्हाईक नसताना भिंतीला टेकलं तरी ओरडा बसायचा. २०१८ मध्ये केरळनं कायदा बदलला आणि दुकानात बसायची सोय मालकाला सक्तीची झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. खुर्चीसाठी कायदा! आमच्या मामाला सांगितलं तर तो हसेल.

शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "तुला काही विचारायचंय?" यावर 'नाही सर' म्हणून उठायचं असतं, हे मला माहीत होतं.

"गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला काय आहे?"

एचआरच्या ताई मॅनेजरकडे बघायला लागल्या. मॅनेजर म्हणाले, "ब्रेकमध्ये पॅन्ट्रीत खुर्च्या आहेत."

"किती?"

"तीन."

"आणि स्टाफ?"

"छत्तीस." मग तेही जरा हसले आणि त्यांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

चार दिवस फोन आला नाही. मैत्रीण म्हणाली, खुर्चीपायी नोकरी घालवलीस. पाचव्या दिवशी मेसेज आला : एक तारखेला जॉइनिंग, काळे बूट स्वतःचे आणावेत. मामाला फोन केला. तो म्हणाला, बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय सुजलेले असतात, खरं माप कळतं.