हातचं पाणी

नाशिकजवळच्या जलालपुरात गोखल्यांच्या घरी बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. घरधन्याला सोवळ्याचं वेड लागलं होतं. १८५७च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिलं, आणि त्या धक्क्यातून नाना गोखले बाहेर आलेच नाहीत. शिवाशिवीची भीती त्यांच्या मनात शिरली ती कायमची, आणि सगळं घर त्या भीतीच्या हुकमतीखाली नांदू लागलं. १८६८ साली या घरात जन्मलेली मनू, म्हणजे मनकर्णिका, पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी या घराचं वर्णन इतकं हसतखेळत केलं आहे, की त्यामागचा जाच वाचणाऱ्याला उशिरा जाणवतो.

त्याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दोन घरांमधलं अंतर काही दिवसांच्या वाटेचं. मनातलं अंतर मात्र मोजता येणारं नव्हतं.

‘त्याच्या हातचं पाणी चालत नाही’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या अगदी सहज बोललं गेलं. बोलणाऱ्याच्या आवाजात राग नसायचा, तिरस्कारही नसायचा. आज वांग्याची भाजी केली आहे, असं सांगावं तसा साधा सूर. म्हणूनच ते वाक्य इतकं टिकलं. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून या ‘हातच्या पाण्या’चा माग काढत गेलं, तर माणसानं माणसाशी कसं वागावं याबद्दलची ख्रिस्ताची शिकवण एका स्वयंपाकघरात कशी उतरली, हे दिसतं. प्रवचनापेक्षा ते दर्शन फार खरं आहे.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, कवी आणि विलक्षण अस्थिर स्वभावाचा. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, शत्रूवरही प्रेम करावं, दान देताना दवंडी पिटू नये, हे सारं त्या तीन अध्यायांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या दृष्टीनं हा वज्राघात होता. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालेना.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगर भागात नवऱ्याजवळ राहायला आल्या, त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. इथे टिळक फार मोठे वाटतात. धर्मासाठी घरदार सोडलेल्या माणसानं बायकोचं सोवळं मात्र सोसलं, सांभाळलं. तिला फसवून बाटवलं नाही, धाक घातला नाही. जबरदस्ती आपल्यावर झालेली चालत नसेल तर ती दुसऱ्यावर करायची नाही. डोंगरावरच्या प्रवचनातलं ते एक वाक्य स्वतःच्या घरात पाळणं हे चारचौघांत उपदेश करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

मग एकदा लक्ष्मीबाईंनी जातीचा विचार मुळापासून केला, तोही कुणाच्या पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या डोक्यानं. देवानं बाई आणि पुरुष हे वेगळे घडवले, ते डोळ्यांना दिसतं. पण माणसामाणसांतल्या बाकीच्या जातींची खूण देवानं कुठे ठेवली आहे? ती खूण सापडेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. ठरवलं आणि केलं. बाप्तिस्म्याचं पाणी त्यांच्या डोक्यावर पडलं ते त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी माणसाच्या हातचं पाणी, मग धर्माचं.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाची इथे आठवण होते. भर दुपारची वेळ. शोमरोनातल्या सुखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर येशू थकून बसला आहे, शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात विटाळ इतका, की एकाचं भांडं दुसऱ्याला चालत नसे. येशूजवळ पोहरा नाही, दोर नाही. आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. म्हणजे तिच्याच भांड्यातून पिणार. बाई चकित होते, ते पाण्यामुळे नाही, मागणाऱ्यामुळे.

या प्रसंगावर शेकडो प्रवचनं झाली असतील, पण त्यातलं साधं मर्म बहुतेकदा निसटतं. येशू तिला आधी काही देत नाही, तिच्याकडून मागतो. चांगुलपणा म्हणजे देणं, अशी आपली पक्की समजूत. मत्तयच्या दहाव्या अध्यायात गार पाण्याच्या एका पेल्याचंही मोल सांगितलं आहे, आणि ते खरंच आहे. पण देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. वरून ओंजळीत पाणी ओतणारेही पाणी देतच होते की! समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानलं की नाही, हे कळतं त्याच्या हातून घेताना. येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्टही अशीच आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्याला मदत करणारा तोच निघाला, ज्याची सावलीही ऐकणाऱ्यांना नको होती.

लक्ष्मीबाईंचं पुढचं घर या घेण्यादेण्यानं भरलेलं होतं. दुष्काळानं उघड्यावर टाकलेली मुलं त्या घरात जेवली, वाढली. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. टिळकांचा हात सढळ, जवळ असेल ते देऊन मोकळे होणारा. संसाराचा मेळ बसवायचा तो लक्ष्मीबाईंनी. सेवेची स्तुती करताना अशा घरातल्या बाईच्या कष्टांचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकतात. तो अन्याय आहे. कोणी दाराशी आलं तर पानावर वाढायचं काय, हा प्रश्न दर दिवशी तिच्यापुढे उभा असे.

ही वाट ख्रिस्ती लोकांनाही सोपी गेलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अगदी पहिल्या पिढीत, अंत्युखियात, येशूचा शिष्य पेत्र यहुदी नसलेल्यांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला आणि प्रेषित पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत; पौलाला तिथल्या लोकांनाही खडसावावं लागलं. भारतात तर जात चर्चच्या दारातून आत गेली. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला दफनभूमीतही वेगळी जागा मिळाली. एकाच प्याल्याचा संस्कार मानणाऱ्यांनी मरणानंतरही कुंपण घातलं, याची लाज वाटली पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याची पायरी उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी उचललं. नगरपालिकेनं ते तळं त्याआधीच सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता, पण कागदावरचा ठराव तहान भागवत नाही. नंतर दावा चालला. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. जे एका बाईनं आपल्या स्वयंपाकघरात एका दिवसात मिटवलं, त्याला तळ्याकाठी इतकी वर्षं आणि न्यायालय लागलं.

आणि अजूनही ते मिटलेलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, बाकीच्या कपांपासून दूर, कामाला येणाऱ्या मावशींचा कान तुटलेला कप अनेक घरांत आहे. त्या घरांत रोज देवपूजा होते, काहींच्या भिंतीवर क्रूसही असतो. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी देतात, तेही वापरून झालेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून, म्हणजे घरचा पेला वाचतो. यात कुणी दुष्ट नाही. जलालपूरचे नानाही दुष्ट नव्हते.

तो तुटका कप आज काढून टाका. आपण रोज वापरतो त्याच कपात मावशींना चहा द्या. आणि त्यांच्या घरी बारसं असेल, लग्न असेल, बोलावणं येईल, तेव्हा पाकीट पाठवून मोकळे होऊ नका. जा, बसा, आणि त्यांनी पुढे केलेलं पाणी प्या.