काळी झबली आणि एक वाकळ

६ जानेवारी २०२५, सोमवार
बोरन्हाणाच्या झबल्यांची ऑर्डर संक्रांतीच्या आत घरोघरी पोचायला हवी. कापड काळी मलमलच. बाजारात नेटच्या झालरीचे काळे झगे मिळतात, फोटोत झकास दिसतात. पण आतली शिवण अशी टोचते की पोर भोकाड पसरणार नाही तर काय! आई बाळंतविड्यातल्या झबल्यांची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि गुंड्यांऐवजी बंद लावायची. मीही तेच करते. आज सगळी झबली बेतून ठेवली, माझी लेक मनू झोपली होती तेवढ्यात.

८ जानेवारी, बुधवार
मनू आता पोटावर सरकते आणि जमिनीवरचं सगळं थेट तोंडात. दादाने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दिलंय. त्याला नाडी बांधून सतरंजीवरून फिरवते, मगच तिला खाली सोडते. आजची कमाई: दोन टाचण्या, सुईचं मोडकं टोक, ब्लाऊजचा एक हूक. पितळी टाचण्या चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून त्या स्टुडिओतून कायमच्या हद्दपार.

११ जानेवारी, शनिवार
मोटारीच्या मशीनचा आवाज सुरू झाला की मनू दचकून उठते, पायमशीनच्या खडखडीत मात्र गाढ झोपते. म्हणून आजीची जुनी मशीन तेलपाणी करून पुन्हा कामाला लावली. तरी या वयातली झोप पाऊणएक तासाची. मशीनचं काम मध्येच सोडलं की गेलं: बाही अर्धी चढलेली, चुण्या हातात धरलेल्या, आणि आतून हाक! परत येईपर्यंत कापड सैल, डोकंही सैल.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. झबली गेली. तिळाची वडी खाल्ली आणि दुपारी मनूबरोबर मीही झोपले.

२१ जानेवारी, मंगळवार
मार्चमधल्या प्रदर्शनासाठी भिंतीवर लावायचं मोठं काम आहे. त्याचा आराखडा मशीनच्या शिलाईचा होता, तो आज मोडला. सासूबाई कऱ्हाडहून आल्यात. त्यांनी जुन्या सुती लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरले, कडा दुमडल्या आणि धावदोरा घालायला बसल्या. मनू रडली, उठल्या. दूध उतू जायला आलं, उठल्या. परत आल्या आणि दोरा होता तिथून पुढे. काम कुठे बिनसलं नाही. मी म्हटलं, ‘आई, एवढं उठबस करून होतं कसं?’ तर म्हणाल्या, ‘अगं, पोरं लहान होती तेव्हाच वाकळा शिवल्या की. पोरं मोठी झाल्यावर कुणाला वेळ होता?’

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, कडेकडेने शिवत मध्याकडे नेतात. मी माझ्या कामाला तीच रीत लावली. चौकट नाही, खुणेचा खडू नाही. शेवटची ओळ दिसते, तिच्या आतून पुढची सुरू. टाके मात्र एकसारखे येत नाहीत. मनू मांडीवर असतानाचे लांब, झोपल्यावरचे बारीक. ते उसवायचे नाहीत असं ठरवलंय. समीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत.

सुई मात्र कापडात टोचून ठेवायची नाही, उंचावरच्या डब्यातच. यात सासूबाईंचंही ऐकत नाही.

२७ जानेवारी, सोमवार
२०१७च्या दुरुस्तीने नोकरदार बायकांची प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. उत्तमच झालं. पण आपणच मालक, आपणच कारागीर, तिथे रजेचा अर्ज कुणाकडे करायचा? बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात एका गिऱ्हाईकबाईंचा फोन आला होता: ‘आता मोकळी झालीस ना?’ सध्या संध्याकाळी सात ते नऊ मनू तिच्या बाबाकडे असते. त्या वेळात मी फक्त मशीनचं काम काढते, दाराला आतून कडी लावून.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रथसप्तमी. मनूचं बोरन्हाण उरकलं. हलव्याचे दागिने केले नाहीत. ही मुकुट आधी चाटणार हे ठाऊक होतं. गोट्याच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याने गाठीचे टाके घातले, लांबून अगदी काटेरी हलवा. बोरं, हरभरे, उसाचे करवे मोठ्या मुलांनी लुटले, हिच्या डोक्यावर फक्त चुरमुरे. ते वेचायला पुन्हा मीच.

शेजारच्या काकूंनी पुढच्या संक्रांतीसाठी आत्ताच एक झबलं सांगून ठेवलं. सुनेला एप्रिलमध्ये नववा लागेल. नातू की नात ते ठाऊक नाही, माप तर नाहीच. दोनशे रुपये आगाऊ घेतले.