चार जागा आणि आपली हॉकी

मागच्या शनिवारी चिखलदऱ्याला कॉफी पिताना मित्राने गुगली टाकली, "आपली अमरावती विद्यापीठाची हॉकी टीम ऑल इंडियाले जाईन काय बे?" भाचा सिलेक्शनला उतरलाय ना, म्हणून काळजी!

गणित सोपं आहे. पश्चिम विभागातून पुढे जातात फक्त ४ संघ, आणि त्याच विभागात ग्वाल्हेर, पुणे, मुंबईवाले बसलेत. त्यात १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. तिथे बॉल सुसाट येतो. मातीवर शिकलेल्या पोराचं ट्रॅपिंग नेमकं तिथेच फसतं, पायांत कितीही दम असला तरी.

म्हणजे चान्स कमीच. पण सहा महिने आधीपासून रोज टर्फ मिळालं तर? माझं मत विचाराल, तर सत्कार नकोत, टर्फचे तास मागा. तुम्हाला काय वाटतं?