दाढी आणि स्वावलंबन

प्रेमावर लिहिणारे आपल्या महाविद्यालयात उदंड आहेत. दाढीवर लिहिणारा एकही नाही. वास्तविक प्रेम सर्वांनाच जमते असे नाही, दाढी मात्र वाढतेच! तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे मी मनावर घेतले आहे.

निमित्त आमच्या आजोबांचे. बुरोंडीला त्यांनी चाळीस वर्षे तांडेल म्हणून होडी चालवली. गेली दोन वर्षे त्यांचे हात थरथरतात. चहा अर्धा पोटात, अर्धा अंगावर. पण दुसऱ्याने दाढी केलेली त्यांना खपत नाही. बाबांनी एकदा साबणाचा ब्रश हाती घेतला, तर म्हणाले, “हात थरथरतात माझे, डोकं नाही. माझी दाढी मीच करणार.”

मग दापोलीच्या बाजारातून मी साठ रुपयांचा सेफ्टी रेझर आणला. वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि आट्यांची मूठ, असे तीनच भाग. अमेरिकेत किंग कँप जिलेटच्या कंपनीने १९०३ साली असले रेझर विकायला काढले, तेव्हा त्या वर्षी अवघे ५१ खपले! युक्ती साधी आहे. पाते कमानीसारखे वाकवून आवळायचे, म्हणजे धार किंचितच बाहेर डोकावते. वस्तऱ्याला हाताची शिस्त लागते; येथे ती रेझरातच बसवलेली.

पहिली चाचणी माझ्या गालावर झाली. मूठ बारीक, हलकी आणि साबण लागला की बुळबुळीत. रेझर हलका असला की माणूस तो दाबतो, आणि दाबला की कापतो. थरथरत्या हाताला हा उपयोगाचा नव्हता.

म्हणून जाळ्याला लावायच्या शिशाच्या दोन गोळ्या ठोकून लांबट केल्या, पोकळ मुठीत सारल्या आणि मेणाने तोंड बंद केले. वरून जाळी विणायचा नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळला. गाठ कोणती मारायची ते आजोबांनी सांगितले. माझी पहिली गाठ त्यांनी नापास केली. आता मूठ अंगठ्याएवढी जाड झाली आहे. रेझर स्वतःच्या वजनाने उतरतो आणि हाताचा हिसका त्याला फारसा हलवत नाही. खाऱ्या हवेने पाते गंजू नये म्हणून ते पुसून त्याला खोबरेल लावतो.

जिलेट कंपनीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. भारतासाठी केलेला एक रेझर तिने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला, कारण त्यांच्यापुढे वाहता नळ होता. इकडे माणसे पेलाभर पाण्यात दाढी करतात. पात्यात केस अडकून बसले. मग कंपनीची माणसे घरोघरी जाऊन बसली, आणि २०१० साली पंधरा रुपयांचा ‘जिलेट गार्ड’ बाजारात आला. आमची प्रयोगशाळा पहिल्यापासून पडवीतच होती, एवढेच!

आजोबांना एका गालाला पाव तास लागतो. हनुवटीखाली चार केस राहतातच. ते कोणी दाखवत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काम काढून घेणे सोपे असते. त्याच्या हाताजोगे हत्यार करून देण्यास त्याच्याजवळ बसावे लागते. दाढी झाल्यावर ते गालावरून हात फिरवतात आणि बंदराकडे निघतात. हात थरथरत असतो, मान मात्र ताठ असते.